मळलेल्या पुस्तकाचा नंबर

एखादं पुस्तक कोरंकरकरीत राहिलं की आमच्या गुरुजींच्या जिवाला चैन पडत नसे. पोरगं जेवलं नाही की आई त्याच्या पोटाला हात लावून बघते, तसा ते त्या पुस्तकाला हात लावून बघायचे. मग वर्गाकडं वळून विचारायचे, "का रे, ह्यानं काय पाप केलंय? ह्याला कोणी हात का लावून न्हाई राह्यलं?"

आम्ही खाली माना घालायचो. जणू पुस्तक उपाशी राहिलं हा आमचाच दोष.

पुढं मी औरंगाबादला कॉलेजात गेले, तेव्हा तिथल्या वाचनालयात 'पुस्तके स्वच्छ हातांनी हाताळा' अशी पाटी वाचली आणि मला हसू आलं. गुरुजींनी ती पाटी पाहिली असती तर खिशातला खडू काढून तिथंच दुरुस्त केली असती. मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. माझ्या आधी आमच्यात कोणी सही करत नव्हतं, अंगठाच होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण सांगण्यासारखं आहे, आणि ज्या माणसामुळं हे झालं त्याच्याविषयी लिहायला मी बसले आहे.

आमचं गाव वाटूरच्या फाट्यावरून आत, बैलगाडीच्या रस्त्यावर. शाळा मारुतीच्या देवळामागं, एक खोली आणि पुढं पत्र्याचं छप्पर. पेटीत पुस्तकं ठेवली तर उंदीर, फळीवर ठेवली तर वाळवी. म्हणून गुरुजींनी विहिरीच्या मोटेचा जुना नाडा, म्हणजे जाड दोर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधला होता आणि गोष्टींची सगळी पुस्तकं मधोमध उघडून त्यावर टांगली होती. धुणं वाळत घालावं तशी. वाऱ्यानं ती हलायची, त्यांची पानं फडफडायची. नवा माणूस दारात उभा राहून हमखास विचारायचा, "गुरुजी, पुस्तकं धुतली का काय?"

"धुतली न्हाईत. वापरून दमलीत, जरा टांगलीत."

ही पुस्तकं त्यांनी स्वतःच्या पगारातून आणलेली. महिन्याकाठी परतूरला जाऊन रेल्वेनं जालना गाठायचं, तिथल्या दुकानदाराशी तासभर घासाघीस करायची आणि शेरवानीच्या दोन्ही खिशांत पुस्तकं कोंबून परत यायचं. शेरवानी काळी, जुन्या हैदराबाद राज्यातली, आणि खाली धोतर. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. रागावले की उर्दूत रागवायचे, शाबासकी मराठीत द्यायचे. त्यामुळं गुरुजींनी "बिलकुल नालायक" म्हटलं की आम्हाला लागत नसे, पण "बाई, चुकलं तुझं" असं साध्या मराठीत म्हटलं की रडू यायचं, कारण मराठीत ते एरवी कधी रागवत नसत.

एकदा त्यांना मीच विचारलं होतं, "गुरुजी, तुमी ल्हान होता तवा कोणती गोष्ट वाचली?"

ते दोरीकडं बघत म्हणाले, "मला मिसरूड फुटलं तोवर मराठीतली गोष्ट छापलेली बघितली न्हाई मी. आजीनं सांगितलेल्या गोष्टी होत्या. मला वाटायचं, गोष्ट ही तोंडानंच असती. छापून येती ते फक्त सरकारी फर्मान."

गोष्ट वाचून दाखवण्याची त्यांची रीत अन्यायाची होती. रंगात यायचे, वाघाचा आवाज वाघासारखा काढायचे, छपराबाहेर बसलेली कुत्री उठून जायची. आणि वाघ झाडाखाली आला, पोरगं वर फांदीवर आहे, फांदी कडकड करू लागली, की पुस्तक मिटून दोरीवर टांगायचे आणि म्हणायचे, "चला, पाढे काढा."

"गुरुजी, पुढं?"

"पुढं त्या दोरीवर हाय."

शाळा सुटली की त्या पुस्तकासाठी मारामारी व्हायची. ज्याला मिळेल तो ते घरी न्यायचा, आणि घर म्हणजे चूल, गोठा, ज्वारीचं खळं. पुस्तक परत यायचं ते तेलाचे, राखेचे, हळदीचे ठसे घेऊन. गुरुजी ते नाकाला लावायचे. खरंच हुंगायचे. "हे चुलीपाशी वाचलंय. आईनं भाकरी थापत थापत ऐकलंय, हे बघा पीठ." आणि दुसरं, "हे गोठ्यात वाचलंय, कंदील कलता होता." पोरगं तोंडात बोट घालायचं. गुरुजींना कसं कळलं?

गावातल्या एका मोठ्या घरच्या माणसानं एकदा पुस्तक परत आणून दिलं. म्हणाला, "गुरुजी, हे आधी मांगवाड्यात गेल्तं म्हणं. आमच्या पोराला दुसरं द्या, न्हाईतर ह्याच्यावर पाणी शिंपडा." दुपारची सुट्टी होती. गुरुजींनी आपल्या भाकरीचं फडकं सोडलं, ते पुस्तक मांडीवर उघडं ठेवलं, त्याच्यावर भाकरी ठेवली, भाकरीवर ठेचा, आणि त्या माणसासमोर शांतपणे जेवले. पान पुसलं नाही. मग म्हणाले, "आता ह्याला माझा बी विटाळ झाला. पुस्तकाला सोवळं नसतं. न्यायचं तर न्या." त्या माणसानं नेलं नाही. त्याच्या पोरानं मात्र दुसऱ्या दिवशी गुपचूप नेलं.

आता त्यांच्या नंबराविषयी.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कर. करीला कोणी शुभकार्य करत नाही, सोयरीक जुळवत नाही, गाडी जुंपून गावाला जात नाही. गुरुजी म्हणायचे, "सगळे रिकामे असतेत, हाच दिवस बराबर." त्या दिवशी शाळेपुढं सतरंजी अंथरायची, दोरीवरची पुस्तकं उतरवून त्यावर मांडायची आणि गावासमोर निवाडा करायचा, की वर्षाचं सगळ्यात चांगलं पुस्तक कोणतं. पंच कोण? पाचवी-सहावीची पोरंपोरी. आणि कसोटी एकच. जे सगळ्यात जास्त मळलं, फाटलं, शिवलं आणि तरी पुन्हा मागितलं गेलं, त्याचा पहिला नंबर.

नंबर दोन असायचे. एक लिहिणाऱ्याचा, एक चित्रं काढणाऱ्याचा. बक्षीस काय? टॉवेल आणि टोपी. आमच्याकडं सोयऱ्याधायऱ्याला जो आहेर करतात तोच. गुरुजी म्हणायचे, "मुंबई-पुण्याचा माणूस आपल्या पोरांसाठी गोष्ट पाठवून राह्यलाय. सोयराच झाला की तो. त्याला रिकाम्या हातानं कसं वाटं लावायचं?"

टॉवेल-टोपी द्यायचे आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष शेठजी. त्यांचं घराणं मारवाडातून आलेलं, पण आजोबा-पणजोबांपासून गावातच. कापडाचं दुकान. दर वर्षी टोपी काढून देताना त्यांचा एक विनोद ठरलेला. "गुरुजी, मुंबईच्या मोठ्या मानसाला तुमी टोपी घालून राह्यले, आन् खर्चा माझा!"

आहेराचं पार्सल पुस्तक छापणाऱ्याच्या पत्त्यावर जायचं. लेखकाचं नाव तरी पुस्तकावर असायचं. चित्रवाल्याचं बहुतेक वेळा नसायचंच. गुरुजी त्यावर चिडायचे, उर्दूत. मग पार्सलवर लिहायचे, 'पान चोवीसवर माकड काढणाऱ्यास'. पोस्टमन कपाळावर हात मारून घ्यायचा. एक वर्ष पार्सल हिंडून हिंडून परत आलं. पण एक वर्ष मुंबईहून एक कार्ड आलं. त्यावर अक्षर नाहीच, नुसतं चित्र. एक बारका चष्मेवाला माणूस, डोक्यावर आमची टोपी, खांद्यावर आमचा टॉवेल, आणि शेजारी ते पान चोवीसचं माकड त्याच्या टोपीकडं हात करतंय. गुरुजींनी ते कार्ड दोरीच्या मधोमध टांगलं. महिनाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवत होते. "बघा. पोचलं. आपला आहेर पोचला."

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. आमचा मुलूख हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला, त्याला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आमच्या शाळेत सहावीपर्यंतच वर्ग. सातवीसाठी परतूरला जायचं. मुलगे जायचे, तिथं खोली करून राहायचे. मुलींचं शिक्षण मात्र सहावीलाच संपायचं. त्या वर्षी सहावीत आम्ही तीन मुली होतो. त्यातली एक शेठजींची नात. माझ्या बाबांनी सांगून टाकलं होतं, "गावात सातवी आली तर शिक. न्हाई आली तर उन्हाळ्यात तुझं बघू." 'बघू' म्हणजे काय ते मला कळत होतं. माझ्याहून वर्षानं मोठ्या चुलत बहिणीचं आदल्या उन्हाळ्यात बघून झालं होतं.

गुरुजींनी सातवीच्या वर्गासाठी दोन वर्षं खेटे घातले होते. शेवटी निरोप आला की तपासणीचे साहेब येतील, शाळा बघतील, आणि त्यांना पटलं तर शिफारस करतील. साहेब येणार कधी, तर नेमके करीच्या दिवशी.

आणि साहेब स्वतः मुलांच्या पुस्तकाचे लेखक निघाले.

त्यांचं पुस्तक दसऱ्यालाच खात्याकडून सगळ्या शाळांना आलं होतं. जाड कागद, वर सोनेरी अक्षरांत 'पारितोषिकप्राप्त'. पुण्याकडच्या कोणत्याशा संस्थेनं त्याला बक्षीस दिलं होतं. आत चांगल्या मुलांच्या चांगल्या गोष्टी. प्रत्येक गोष्टीला एक चित्र आणि सुरुवातीलाच चौकटीत तात्पर्य. गुरुजींनी ते इतर पुस्तकांसारखंच दोरीवर टांगलं. आम्ही आधी चौकट वाचायचो. चौकट वाचली की गोष्ट वाचायची गरज उरत नसे.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी शेठजी शाळेत आले. आम्ही अंगण झाडत होतो. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, म्हणजे काम महत्त्वाचं होतं.

"गुरुजी, एक बात बोलतो. ह्या साली साहेबाच्या पुस्तकाला नंबर देऊन टाका."

"पोरं देतेत नंबर. मी न्हाई."

"पोरं तुमचं ऐकतेत."

"म्हणून तर मी सांगत न्हाई."

"अहो, एक सालाचा तर सवाल हाय! साहेब खूष, सातवी आली, पोरी शिकल्या. पुढच्या साली द्या न तुमच्या माकडवाल्याला!" शेठजींचा आवाज खाली आला. "माझी नात बी हाय सहावीत. तिची आजी अंगठा करती, आई अंगठा करती. मी दुकानात बसून सगळ्या गावाचं वाचतो, आन् माझ्या घरात माझ्यामागं वाचणारं कोणी न्हाई."

गुरुजी म्हणाले, "शेठजी, सातवी मला तुमच्यापेक्षा जास्त पायजे. पर खोटा नंबर देऊन वर्ग आणला, तर त्या वर्गात उभं राहून मी ह्या पोरींना काय शिकवू?"

शेठजी टोपी घालून निघाले. जाताना दोरीपाशी थांबले. "मंग साहेबाचं पुस्तक आज आमच्या घरी न्यू द्या. पोरं वाचतील."

"न्या की. त्यासाठीच टांगलंय."

करीच्या दिवशी साहेब दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, आले; सरकारी कामाला कर आडवी येत नाही. गोरे, उंच, पांढरीशुभ्र टोपी, बोलणं पुस्तकातल्यासारखं. त्यांनी वर्ग तपासले, आमच्याकडून कविता म्हणून घेतल्या, गणितं घातली. शाळेवर ते खूष दिसले. दोरीवरची पुस्तकं पाहून तर मनापासून हसले. मग गुरुजींनी त्यांना सतरंजीशेजारी खुर्ची दिली आणि नंबराची सगळी रीत समजावून सांगितली. साहेब म्हणाले, "वा! नावीन्यपूर्ण आहे." सगळं गाव जमलं होतं. देवळाच्या कट्ट्याशी बाया. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळं बऱ्याच जणींच्या हातात वाणाचं सामान होतं. माझी आईही होती. शाळेच्या अंगणात ती पहिल्यांदाच आली होती.

पुस्तकं मांडली गेली. सगळ्यात शेवटी शेठजींनी उपरण्यात गुंडाळलेलं साहेबांचं पुस्तक आणून मधोमध ठेवलं.

मी पंच होते, पुढंच बसले होते. मला ते पुस्तक ओळखू आलं नाही. सोनेरी अक्षरांवर तेल पसरलेलं. पानापानावर हळदीचे पंजे. कुठं तिखट, कुठं लोणच्याचा खार. दोन पानं तर एकमेकांना चिकटलेली.

साहेब खुर्चीतून उठलेच. "हे काय? माझ्या पुस्तकाची ही दशा? पारितोषिक मिळालेलं पुस्तक आहे हे!"

शेठजी हात जोडून, चेहरा उजळलेला. "साहेब, मुबारक! एवढा मळ कोणत्याच पुस्तकाला न्हाई. पहिला नंबर बिलकुल पक्का!"

कोणी हसलं नाही. साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं. आता गुरुजींनी नुसती मान हलवली असती, तर सगळं जुळून गेलं असतं. साहेबांचा राग निवळला असता, सातवी आली असती. मी गुरुजींच्या तोंडाकडं बघत होते. माझ्या मनात एकच होतं, हलवा, मान हलवा.

गुरुजींनी पुस्तक उचललं आणि नाकाला लावलं.

"साहेब," ते म्हणाले, "हा मळ एका दिवसाचा हाय. आन् एकाच बरणीचा." मग शेठजींकडं वळले. "शेठजी, घरचं लोणचं फस्क्लास हाय. पर वाचलेलं पुस्तक असं सगळीकडं सारखं मळत न्हाई. जिथं वाघ येतो तिथं जास्त मळतं. जिथं कंटाळा येतो तिथं कोरं राहतं. ह्याला नंबर देता येणार न्हाई."

मागं कुजबुज सुरू झाली. "संपलं," असं कोणीतरी म्हणालं. शेठजींनी उपरण्यानं तोंड पुसलं. साहेबांचा चेहरा लाल झाला होता, आणि त्यांनी दमणीवाल्याकडं पाहिलंही.

"पर थांबा," गुरुजी म्हणाले. ते पानं उलटत होते, पुस्तक उन्हाकडं कलतं धरून. "तेलाच्या खाली जुना मळ हाय. चित्राच्या पानांवरच. आन् दर चित्रात एकेकाच जागी बोटं लागलीत, इथं कोपऱ्यात, इथं खिडकीत. हा खरा मळ हाय. महिन्या-महिन्यांचा." त्यांनी आमच्याकडं पाहिलं. "का रे पोरांनो, तिथं काय हाय?"

मोठ्या माणसांसमोर मी कधी बोलत नसे. त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "शेळी हाय, गुरुजी."

"कसली शेळी?" साहेब म्हणाले. "माझ्या पुस्तकात शेळीची गोष्ट नाही."

"गोष्टीत न्हाई, चित्रात हाय. सगळ्या चित्रांत हाय."

मग आम्हा पंचांना कोणी आवरू शकलं नाही. मी पुस्तक घेतलं आणि साहेबांपुढंच उभं राहून दाखवू लागले. पहिल्या चित्रात आज्ञाधारक मुलगी पाण्याला निघालीय, तर मागं शेळी तिच्या परकराचा काठ चघळतेय. दुसऱ्यात गुरूजवळ नम्रपणे बसलेला शिष्य, आणि खिडकीतून शेळीची दोन शिंगं. एकीकडं उदार राजा दान देतोय, तर सिंहासनाच्या पायाआडून शेळीचं तोंड. एका चित्रात ती सापडतच नव्हती. ती झाडावर चढलेली होती, हे शेठजींच्या नातीनं आठ दिवसांनी शोधून काढलं होतं. "ही नुसती शेळी न्हाई साहेब, गाभण हाय," माझ्या शेजारचा एक पोरगा म्हणाला, "बघा न पोट. आन् शेवटच्या चित्रात तिच्यासंगं दोन करडं हायती!"

साहेब पान उलटायचे, शोधायचे, पुन्हा उलटायचे. शेवटची करडं पाहिल्यावर ते खुर्चीत बसले. आपल्याच पुस्तकात इतके दिवस एक शेळी हिंडत होती आणि आपल्याला माहीत नव्हतं, असा तो चेहरा होता.

"ही चित्रं कोणी काढली, साहेब?" गुरुजींनी विचारलं. "नाव कुठं दिसून न्हाई राह्यलं."

साहेबांनी टोपी सारखी केली. "आमच्या... घरातूनच काढली."

"घरातून म्हणजे?"

"आमच्या मंडळींनी. त्यांना हात आहे थोडासा. घरचंच माणूस, नाव काय घालायचं, असं म्हटलं मी."

"त्यांनी घातलंय साहेब," गुरुजी म्हणाले. "पानोपानी घातलंय. आपल्याला ते वाचता आलं न्हाई. पोरांना आलं."

मग ते पंचांकडं वळले. निवाडा करायला वेळ लागला नाही. लिहिण्याचा नंबर एका फाटून चिंध्या झालेल्या वाघाच्या पुस्तकाला. चित्रांचा नंबर शेळीवाल्या बाईंना. आम्ही सगळ्यांनी हात वर केले.

शेठजींनी सवयीनं टॉवेल-टोपी पुढं केली. तेवढ्यात बायांमधून आवाज आला, आणि तो माझ्या आईचा होता.

"गुरुजी, बाईमानसाला टोपी काय देऊन राह्यले?"

गावापुढं माझी आई तेवढीच एकदा बोलली. हातातलं वाण घेऊन ती पुढं आली. शेठजींनी नातीला दुकानात पळवलं आणि हिरवा खण आणवला. आईनं खणात नारळ, तीळगूळ, हळदीकुंकवाची पुडी बांधली आणि ते गाठोडं साहेबांच्या हातात दिलं.

"साहेब, आज देऊ नका हां. आज कर हाय. उद्या सकाळी त्यांची आंघोळ झाली की द्या. म्हणावं, पोरींनी तुमची शेळी वळली."

दमणीत बसल्यावर साहेबांनी गुरुजींना जवळ बोलावलं. "मला खरं सांगा, माझ्या गोष्टी का नाही वाचल्या मुलांनी?"

"साहेब, वाचायला निघालेल्या मानसाला तुमी वेशीवरच सांगता, गावात काय हाय. मंग तो आत कशाला येईल?"

दमणी गेली. गाठोडं साहेबांनी मांडीवर धरलं होतं.

त्यानंतर उन्हाळा येईपर्यंत गाव गुरुजींवर नाराज होतं. साहेबांकडून काही आलं नाही. "आपल्या हातानं घालवली सातवी," असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणायचे. "मान हलवायला काय लागत होतं?" गुरुजी म्हणायचे, "मानेला काय, ती कशी बी हलती." शेठजींनी मात्र एक शब्द काढला नाही. उलट कोणी गुरुजींना बोललं की ते म्हणायचे, "लोणचं माझं होतं, मला बोला." बाबांनी दोन ठिकाणी निरोप धाडले. एक मुलगा आष्टीचा होता, त्यांची पंधरा एकर बागायत होती. मला त्याचं नावसुद्धा सांगितलं गेलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. गुरुजी सकाळीच आमच्या दारात उभे. बाबांना म्हणाले, "पोरीला पाठवा. सातवी आजपासून सुरू."

"मंजुरी आली?"

"न्हाई."

"मंग कसली सातवी?"

"मंजुरी न्हाई आली तर मला काढतील. पोरगी जेवढं शिकली तेवढं तिच्यातून कोण काढणार हाय?"

बाबा अंगणात उभे राहिले. मग आईकडं पाहिलं. आईनं माझी पाटी आणून माझ्या हातात दिली. बाबा म्हणाले, "आष्टीवाल्यांना कळवतो, ह्या साली न्हाई म्हणून."

त्या बिनमंजुरीच्या सातवीत आम्ही तीन मुली आणि चार मुलगे होतो. आठवडाभर वर्ग चालला असेल. एका दुपारी फाट्याकडून दमणी आली. साहेब उतरले, आणि त्यांच्या मागून नऊवारीतल्या, बारक्या अंगाच्या, हसऱ्या एक बाई. साहेबांनी खिशातून मंजुरीचा कागद काढून गुरुजींना दिला. म्हणाले, "टपालानं पाठवणार होतो. पण ह्यांनी हट्ट धरला, पंचांना भेटायचं म्हणून."

बाई सरळ वर्गात आल्या. दोरीवरची पुस्तकं हातानं चाचपत चाचपत फळ्यापर्यंत गेल्या आणि विचारलं, "माझी शेळी कोणाला सापडली आधी?" सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी लाजून मागं सरकले. "ये इकडं," त्या म्हणाल्या. मला शेजारी उभं करून त्यांनी खडू उचलला आणि फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर शेळी काढली. नुसती चार-पाच रेघांत. तिचा एक कान आमच्या वर्गाकडं वळलेला. गुरुजी दाराला टेकून बघत होते.

चित्र झाल्यावर बाई हात झटकून मागं झाल्या.

"नाव घाला," गुरुजी म्हणाले.

बाईंनी साहेबांकडं पाहिलं. साहेब म्हणाले, "घाल की. पूर्ण घाल."

बाईंनी शेळीच्या पायाशी आपलं पूर्ण नाव लिहिलं, हळूहळू, एकेक अक्षर. आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत असल्यासारखं.

दमणी गेल्यावर मी सवयीनं फळा पुसायला फडकं घेतलं. गुरुजी इतक्या जोरात ओरडले की फडकं माझ्या हातातून पडलं, आणि ते चक्क मराठीत ओरडले होते. तो फळा कोणी पुसला नाही. वर्ष संपेपर्यंत डावीकडं शेळी आणि बाईंचं नाव, आणि उजवीकडच्या अर्ध्या फळ्यावर आमची गणितं, नकाशे, व्याकरण. लांबलचक गुणाकार मावायचे नाहीत, मग गुरुजी अक्षर बारीक करायचे. तपासणीला आलेल्या दुसऱ्या एका माणसानं विचारलं, "पूर्ण फळा का वापरत नाही?" गुरुजी म्हणाले, "पूर्णच वापरून राह्यलो."

सातवीच्या परीक्षेला आमच्या वर्गातले सातच्या सात बसले आणि सगळे पास झाले. त्या अर्ध्या फळ्यावर शिकून मी बी.ए. झाले.